संदेशाची पहिली ओळ

"मूळ संख्या सगळ्या सापडल्या वाटतं, प्रोफेसर?"

पूर्णबोध स्वामी परातीतल्या गेरूच्या पाण्यात छाटी बुडवत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं.

"त्या संपत नाहीत, महाराज," रघुवीर आठल्ये म्हणाले.

"मग तू कसा संपलास?"

महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. कृष्णाकाठच्या या लहानशा मठात आठल्ये संन्यास मागायला आले होते. स्वामी पूर्वाश्रमी गावच्या शाळेत गणित शिकवत. आठल्यांना अपूर्णांक त्यांनीच शिकवले होते.

"माझं गणित कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं," आठल्ये म्हणाले. "त्याचाच मला अभिमान होता. मग सरकारनं बोलावलं. शत्रूचे बिनतारी संदेश उकलायचे होते. दोन वर्षं कुणाला जमलं नव्हतं. मी सहा आठवड्यांत उकलले."

हे सांगताना त्यांची मान किंचित ताठ झाली. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी नजर खाली वळवली.

"कसे उकललेस?"

"नुसते आकडे असत. त्यांची किल्ली रोज बदलायची. पण ब्रह्मदेशच्या रानातलं एक ठाणं रोज सकाळी एकाच वाक्यानं सुरुवात करी. वाक्य आधी ठाऊक असलं, की त्यावरून त्या दिवसाची किल्ली काढता येते."

"कोणतं वाक्य?"

"मला त्यांची भाषा येत नव्हती. दुभाष्यानं सांगितलं. ठाण्यावरचा शिपाई मुख्य छावणीतल्या आपल्या मित्राला विचारायचा, 'आईचं पत्र आलं का?' ... नियमाविरुद्ध होतं ते. त्याच्या साहेबानं वेळीच कान उपटले असते, तर बरं झालं असतं."

"कुणाचं बरं?"

आठल्ये परातीतल्या लाल पाण्याकडे पाहू लागले.

"पुढे सांग."

"एके दिवशी त्या ठाण्यानं संदेशात स्वतःची जागा कळवली. मी कागद वर पाठवला. दुपारी आपली विमानं गेली."

परातीतला हात थांबला.

"दुसऱ्या सकाळी सवयीनं मी कागदाच्या माथ्यावर ते वाक्य लिहून ठेवलं. ठाणं बोललंच नाही. मुख्य छावणी मात्र बोलत होती. आकडे सोडून, उघड शब्दांत. दुभाषा ऐकता ऐकता उठून बाहेर गेला. मी त्याला गाठून विचारलं, तेव्हा म्हणाला... 'आईचं पत्र आलं आहे, घेऊन जा.' तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी तेही थांबलं."

स्वामींनी छाटी पुन्हा पाण्यात दाबली.

"हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"गुप्ततेची शपथ आहे. तुम्ही पहिले."

"आणि आता?"

"आता आकडा लिहिला की हात अडतो. मला पदक मिळालंय. विद्यापीठ बोलावतंय. मला काही नको. रघुवीर आठल्ये म्हणून एक दिवसही जगवत नाही, महाराज. हे नाव काढून घ्या."

स्वामींनी छाटी पिळली. दोनदा झटकली. लाल थेंब फरशीवर पडले.

"ही तुझ्यासाठीच भिजवली होती," ते म्हणाले. "सकाळी तुझं पत्र वाचलं तेव्हाच."

आठल्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"पण संन्यासाला आईची परवानगी लागते, रघू."

"मास्तर..." जुना शब्द त्यांच्या तोंडून निसटला. "मी सात वर्षांचा होतो, तेव्हाच आई गेली. माझा हात धरून तुम्हीच मला घाटावर नेलं होतंत. परवानगी द्यायला आता कुणी उरलेलं नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज मोकळा झाला. त्यांच्या हिशेबी शेवटची अडचणही सुटली होती.

स्वामी त्यांच्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहिले.

मग उठून त्यांनी ओली छाटी खुंटीला टांगली.

"जिचं पत्र न्यायला तीन दिवस कुणी आलं नाही," ते म्हणाले, "तिची घेऊन ये."