पाणी कुठं मुरतं?

बोअरचं पाणी गावात नवं होतं, तेव्हाची गोष्ट. इंदुमतीबाईंच्या न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाची धार सुतळीसारखी बारीक झाली.

"कुठंतरी पाणी मुरतंय!" नळ गिझरकडे बघत खेकसला. "हा आधी पोटभर पितो आणि मला उष्टं देतो."

"चोर तो पाइप आहे," गिझर गुरगुरला.

"बादलीला विचारा," पाइप म्हणाला. "रोज भरून घेते तीच!"

बादलीचा तर तळच जेमतेम भिजला होता.

तेवढ्यात बाई आल्या. "आ कर बघू," म्हणत त्यांनी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. तिच्यात क्षाराचे पांढरे खडे गच्च बसले होते. मग नळ सोडला, तशी धो धो धार लागली.

सगळे नळाकडे बघू लागले. नळ त्या खड्यांकडे बघत म्हणाला, "हे माझ्या तोंडात कुणी घातलं?"