नव्या रंगाखालचा बोल्ट

एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडामागच्या कडुनिंबाखाली, एक वृद्ध मिस्त्री मोटारसायकली दुरुस्त करीत असत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक शिष्य शहरात जाऊन स्वतःचे गॅरेज थाटून बसला होता. तो एकदा बऱ्याच वर्षांनी, भर दुपारी, मोटारसायकल ढकलत त्यांच्या दारी आला. गॅरेजच्या मालकाने गाडी ढकलत यावे, यावर स्टँडावरच्या रिकामटेकड्यांची चांगलीच करमणूक झाली.

गाडी त्याच्या वडिलांची होती. अण्णांनी तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगावचे आठवडी बाजार केले होते. त्यांचा उजवा गुडघा जुन्या अपघातात गेलेला. किक मारणे जमत नसे, म्हणून किक नसलेली, नुसत्या बटणावर सुरू होणारी गाडी त्यांनी मोठ्या हौसेने घेतली होती. काय दिवस होते ते! संध्याकाळी ओढ्यापलीकडून तिचा आवाज आला की आई तवा चुलीवर ठेवी. आता आई नव्हती. बॅटरी संपून गाडी बंद पडली, तसा अण्णांनीही बाजार सोडला आणि ते दिवसभर ओट्यावर बसून राहू लागले. सुट्टीत घरी आलेल्या शिष्याने त्यांना तसे बसलेले पाहिले आणि गाडी दुरुस्त करायचे ठरवले.

त्याने गाडी पूर्ण उघडली. सांगाड्याला जाड, चकचकीत नवा रंग मारून घेतला, नवी बॅटरी घातली, सारे पुन्हा जोडले आणि बटण दाबले. गाडी नुसती टक् करून गप्प झाली. त्याने दुसरी बॅटरी आणली, मग इंजिनाला फिरवणारी सेल्फची मोटारही बदलली. तरीही टक्! अण्णा हसून म्हणाले, "राहू दे रे. तिचंही वय झालं, माझंही." ते हसणे त्याला सहन झाले नाही.

उस्तादांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. गाडीचा दिवा लावून बटण दाबले, तसा दिवा मंदावला. बॅटरीकडे त्यांनी पाहिलेही नाही. सीट काढून ते बॅटरीतून निघालेल्या काळ्या वायरीवरून बोट फिरवत गेले. ती सांगाड्याला जिथे आवळली होती तिथला बोल्ट त्यांनी सोडला, आणि हाती कानस घेऊन चक्क तिथला नवाकोरा रंग खरवडायला सुरुवात केली.

"अहो उस्ताद! कालपरवाचा रंग आहे तो!"

"दिसतोय की. छानच आहे," म्हणत ते खरवडत राहिले. खालचे करडे लोखंड उघडे पडल्यावरच त्यांचा हात थांबला. त्यांनी वायर जागेवर ठेवून बोल्ट आवळला आणि बटण दाबले. गाडी एका दमात सुरू झाली. तो ओळखीचा आवाज ऐकून शिष्याचे डोळे भरून आले.

हात पुसत उस्ताद म्हणाले, "बॅटरीतली शक्ती लाल वायरीनं निघते, एवढं तू बघितलंस. पण तिला परत यायलाही वाट लागते. ती वाट या लोखंडातून जाते. तू इतक्या मायेनं रंग दिलास की वाटच बुजली. मग बॅटऱ्या कितीही बदल, उपयोग काय? रंग द्यावा रे, पण जिथं जोडायचं असतं तिथं लोखंड उघडंच ठेवावं लागतं."

शिष्य गाडी चालवत घरी आला. अण्णांनी ओट्यावरूनच पाहिले. "छान झाली. ठेव आत," एवढे बोलून त्यांनी नजर वळवली.

तो हिरमुसला. गाडी सुरू झाली होती, पण अण्णा जागचे हलले नव्हते. मग त्याला दर रविवारचा फोन आठवला. अण्णा विचारायचे, "कसं चाललंय?" तो सांगायचा, "एकदम झकास. तुम्ही काळजी करू नका." अण्णाही म्हणायचे, "मीही ठणठणीत." तो शहरातून गोळ्या पाठवी, शाल पाठवी, पंखा पाठवी. अण्णांकडून काही घ्यायला मात्र त्याने कुठे जागाच ठेवली नव्हती. हे ध्यानात येताच त्याला स्वतःचीच शरम वाटली.

तो ओट्यावर अण्णांपाशी जाऊन बसला. "अण्णा, खरं सांगू? माझं गॅरेज चालत नाहीये. काम चांगलं करतो मी. पण गिऱ्हाईक एकदा येतं, पुन्हा फिरकत नाही. मला माणसांशी बोलताच येत नाही. बंद करावं म्हणतोय."

अण्णा झटकन त्याच्याकडे वळले.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस? अरे, इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडून धोतरं नेली, ती काय नुसतं कापड बघून?" त्यांचा आवाज चढला होता. पायांनी ते चपला चाचपू लागले. "आज मंगळवार ना? बाजार अजून उठला नसेल. किल्ली दे इकडं."

"पण अण्णा, विकायला काय नेणार?"

"विकायचं नंतर बघू. आधी बोलायला शीक. बस मागं."

अण्णांनी बटण दाबले.