टेबलावरचे साहेब

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच, त्याबद्दल माफी असावी. मी लोकांच्या घरात शिरलेले साप पकडतो आणि सोडण्याआधी शाळेतल्या मुलांना दाखवून समजावतो. गेल्या आठवड्यात तपासणीला आलेले साहेब गरजले, "सातवीतून शाळा सोडलेला विज्ञान शिकवणार? आजपासून हे बंद!"

मी मान खाली घालून सापाची पिशवी उचलली आणि तिची गाठच सुटली. साप बाहेर येताच साहेब टेबलावर चढले.

"साहेब, उतरा. धामण आहे, बिनविषारी," चौथीतली सुगंधा म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"या साप पकडणाऱ्या दादानं. त्याच्या शिकवण्यावर विश्वास नसेल, तर वरच थांबा."

साहेब हळूच उतरले. "चालू दे तुझा वर्ग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धामण ओढ्याकाठी सोडली आणि दहावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म भरला.