मूळचं इंजिन

"एवढ्यासाठी पहिलं बक्षीस हुकलं, बुवा! आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?"

दिनकरराव माणगावकरांचा आवाज चढला होता. कोल्हापुरात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. त्यांची हिरवी, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार साऱ्या मैदानात उठून दिसत होती. तशी गाडी तिथे दुसऱ्या कुणीच पाहिलेली नव्हती. पण परीक्षकांनी बॉनेट उघडलं आणि मान हलवली...

इंजिन मूळचं नव्हतं.

"मग मूळचं कुठे आहे?" निरंजनबुवांनी विचारलं. दिनकरराव आणि त्यांचा भाऊ, दोघांनीही लहानपणीच बुवांचा अनुग्रह घेतला होता.

"मिरजेला. जयवंताच्या गोठ्यात."

जयवंत म्हणजे धाकटा भाऊ. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. गाडीवरून दोघेही हटेनात. शेवटी इंजिन जयवंताने नेलं, बाकीची गाडी दिनकररावांनी. तेव्हापासून बोलणं बंद.

"तुम्ही त्याला निरोप धाडा, बुवा. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही."

बुवा डावीकडचं दार उघडून आत बसले. जागा जेमतेम एका माणसापुरती.

"वडील चालवायचे, तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

"इथेच. दोघंही."

"एवढ्याशा जागेत?"

"जयवंत माझ्या मांडीवर. घाटात वळण आलं की भ्यायचा. मग मी त्याला घट्ट..."

दिनकरराव थांबले. इकडेतिकडे पाहू लागले.



"चालते का ही?" बुवांनी विचारलं.

"चालते तर! दुसरं इंजिन असलं तरी झकास पळते."

"मग मिरजेला जा."

"इंजिन मागायला?"

"गाडी द्यायला."

"द्यायला?" दिनकरराव दचकले. "बुवा, जिवापाड जपलीय मी हिला!"

"ठाऊक आहे."

"आणि त्याने दारच उघडलं नाही तर?"

"उभा राहा."

दिनकरराव किल्लीकडे पाहत राहिले. मग मुकाट्याने स्टिअरिंगपाशी जाऊन बसले. बुवा उतरले, दार लावलं. इंजिन धडधडलं. माणसं बाजूला सरली.

बुवा खाली वाकले.

"दिनकर, पोचल्यावर हॉर्न वाजवू नकोस. कडी वाजव."