न उडणारा फ्यूज

सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर निम्म्या तालुक्याच्या गाड्या धावायच्या, तेव्हाची ही गोष्ट. फ्यूज उडाला की तो कागद गुंडाळून तिथे दाबायचा आणि निघायचं. दूधसंघाचे चेअरमन आबासाहेब तर हे मोठ्या तोऱ्यात करायचे.

एका सकाळी त्यांच्या गाडीच्या बॉनेटमधून धूर निघाला. चंदेरी कागद फ्यूजसारखा उडत नाही, त्यामुळे अख्खा फ्यूजबॉक्स वितळला होता. लग्नानंतर याच गाडीतून जोतिबाला गेलेल्या त्यांच्या पत्नी अक्कासाहेबांना गलबलून आलं.

मिस्त्री मुल्लाभाई अंगणात नवा बॉक्स बसवू लागले, तसे आबासाहेब गरजले, "यात न उडणारे फ्यूज घाल! मला आडवं येणारं काही चालत नाही. कालच त्या मॅनेजर नलवड्यांना घरी बसवलंय."

अक्कासाहेबांना जुने दिवस आठवले. संघ उभा करताना हेच नलवडे मागच्या सीटवर दुधाचे कॅन धरून बसायचे. अक्कासाहेबांनी आबासाहेबांच्या हातात चहा दिला.

"अहो, जुन्या बॉक्सातही तुम्ही आडवं येणारं काही ठेवलं नव्हतंच की! आता संघात नलवड्यांच्या जागी भाचा बसवलात, तोही चंदेरी कागदच. तिथून धूर कधी निघतो, तेवढं बघायचं."

चहा बशीतच निवला.

"मुल्लाभाई," आबासाहेब हळूच म्हणाले, "उडणारेच घाला."

गाडी सुरू झाली. आबासाहेबांनी ती नलवड्यांच्या घराच्या रस्त्याला वळवली, तेव्हा अक्कासाहेब पुढच्या सीटवर बसल्या होत्या, जोतिबाला जाताना बसल्या होत्या तशा.