कच्चीची हाक

फार जुन्या काळी एका डोहाकाठी चितळांचा कळप राहत होता. तिथे पहिल्या उन्हाळ्यातल्या पाडसाला 'कोरं' म्हणत, दुसऱ्या उन्हाळ्यातल्याला 'कच्चं' आणि तिसऱ्यातल्याला 'शिकाऊ'. चार उन्हाळे पाहिल्याशिवाय कुणी इशाऱ्याची हाक द्यायची नाही, असा रिवाज होता.

टिपरी कच्ची होती. त्या महिन्यात तीन हरणं पाण्यावरून परतली नव्हती. एका दुपारी कळप डोहावर उतरला तेव्हा ती पुढे चाललेल्या भुरीआत्याला म्हणाली, "आत्या, तो ओंडका काल पलीकडच्या काठाला होता."

"बारा वर्षं मी इथे पाणी पितेय. ओंडका जिथल्या तिथे आहे."

"मग त्याच्यावर एकही पाखरू का बसत नाही?"

"पाखरं मोजायचं काम हिलाच द्या," मागून एक म्हातारा नर म्हणाला आणि सगळे हसले.

झाडावरची वानरं गप्प झाली होती. वारा पडलेला असूनही ओंडका काठाकडे सरकत होता आणि पाण्यावर तरंगही उठत नव्हता. आत्याने मान खाली घातली.

टिपरीने रिवाज मोडून हाक दिली.

एकाही मोठ्या हरणाने डोकं वर केलं नाही. फक्त कोरी पाडसं तिच्यामागे टेकाडाकडे उधळली. कुणाच्या हाकेवर पळायचं नाही, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

वर पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. डोह शांत होता. काठावर आत्या नव्हती, आणि बाकीचे अजून पाणी पीत होते.