पुसायचा बोळा

प्राणी पाळी लावून आंघोळ करत, त्या काळातली गोष्ट. तळ्याकाठच्या खडकावर कावळा पाळ्या लिहायचा आणि म्हैस गवताच्या बोळ्याने पुसायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मुद्दाम कुणाचं नाव पुसणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. पाळी संपेपर्यंत पाण्याबाहेर यायचं नाही, हा नियम होता.

कोल्ह्याने गोड बोलून बोळा मिळवला, सगळ्यांची नावं पुसली आणि बोळा बिळात लपवला. मग दिवसभराच्या पाळ्या स्वतःच्या नावावर लिहून घेतल्या.

दुपारी पाण्यात तो शिंकू लागला. "कावळेदादा, माझं नाव पुसा हो!"

"मी फक्त लिहितो, बाबा."

"म्हशीताई, तुम्ही तरी पुसा!"

"पुसते की," रवंथ करत म्हैस म्हणाली. "बोळा तेवढा आणून दे."